भायखळ्याचें वस्तुसंग्रहालय व राणीची बाग : एका इटालियन वास्तुकल्पनेचें मुंबईंतील रूपांतर

१. विषयप्रवेश

लालबागहून दक्षिणेकडे येणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर भायखळ्यास वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचें प्रवेशद्वार लागतें. लोकांच्या तोंडीं अद्यापि 'राणीची बाग' हेंच नांव आहे. गिरणगांवांतील मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं वाघ-हत्ती प्रथम पाहिले ते याच ठिकाणीं; त्यामुळें बागेंत येणाऱ्या समुदायाचे पाय साहजिकच पिंजऱ्यांकडे वळतात, आणि प्रवेशद्वाराजवळ उभ्या असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास या आवारांत पिंजऱ्यांहून अधिक विचार करण्याजोगें असें पुष्कळ आहे. भव्य वास्तु, तिच्याभोंवतीं आंखलेली बाग, बागेंत मांडलेलीं शिल्पें आणि वास्तूच्या आंत कलावस्तूंचा संग्रह, अशी ही चतुर्विध रचना आहे. इटलींत विद्यापुनरुज्जीवनाच्या काळीं, म्हणजे ज्यास युरोपांत रेनेसाँ म्हणतात त्या काळीं, 'व्हिला' नामक उपवनगृहें याच रचनेचीं बांधीत असत. ती कल्पना मुंबईस कशी आली, येथें तिच्यांत कोणता फरक झाला, आणि त्या फरकामुळें आज ही वास्तु पाहणारानें काय ध्यानांत ठेवावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

२. मूळ कल्पना

'व्हिला' हा शब्द प्राचीन रोमन लोकांचा. शहराबाहेरील शेतवाडीवरचें धनिकाचें घर, असा त्याचा मूळ अर्थ. पंधराव्या व सोळाव्या शतकांत इटलींतील श्रीमंत घराण्यांनीं व धर्माधिकाऱ्यांनीं प्राचीन रोमन विद्येबरोबर ही राहण्याची रीतहि पुन्हा उचलली. घर उंचवट्यावर बांधावें, त्याच्या मध्यरेषेस अनुसरून बागेच्या वाटा काढाव्या, जमिनींत सांपडलेल्या प्राचीन मूर्ति वाटांच्या कडेस मांडाव्या आणि आंतल्या दालनांत चित्रें, नाणीं व दुर्मिळ वस्तु ठेवून पाहुण्यांस दाखवाव्या, असा हा प्रघात होता. आजच्या वस्तुसंग्रहालयाचा एक उगम या दालनांत आहे.

या वास्तुप्रकारास नियमबद्ध रूप देणाऱ्यांत आंद्रेआ पालादिओ (१५०८-१५८०) याचें नांव अग्रगण्य होय. विचेन्झा शहराजवळील त्याची 'रोतोंदा' ही वास्तु प्रसिद्धच आहे. वास्तुविद्येवरील त्याचे चार भागांचे पुस्तक १५७० सालीं व्हेनिस येथें छापलें गेलें. मध्यरेषेच्या दोहों बाजूंस सारखी मांडणी, मोजून ठरविलेलें प्रमाण, आणि प्राचीन रोमन पद्धतीचे स्तंभ व कमानी, हीं त्याच्या पद्धतीचीं मुख्य लक्षणें. सतराव्या शतकांत इनिगो जोन्स यानें ही पद्धति इंग्लंडांत नेली, व अठराव्या शतकांत तेथील उमरावांनीं आपलीं ग्रामगृहें त्याच धर्तीवर बांधलीं. इंग्रजी अमलाबरोबर ती हिंदुस्थानांत आली. म्हणजे भायखळ्यास पोहोंचण्यापूर्वी या कल्पनेचा प्रवास रोम, व्हेनिस व लंडन असा झालेला होता.

इटलींतील या उपवनगृहांबद्दल एक गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. तीं खासगी होतीं. पाहुण्यांस प्रवेश मिळे तो मालकाच्या मर्जीनें. रोम येथील बोर्गेझे घराण्याची बाग व तींतील कलासंग्रह सतराव्या शतकाच्या आरंभीं एका कार्डिनलनें उभारला; परंतु तो सरकारनें विकत घेऊन सार्वजनिक मालमत्ता झाला तो १९०२ सालीं. दरम्यान १८०७ सालीं त्या घराण्याच्या एका वंशजानें त्यांतील प्राचीन शिल्पांचा मोठा भाग नेपोलियनास विकला व तीं शिल्पें पॅरिसला गेलीं. मालकाचा संग्रह मालकाच्या अडचणीबरोबर फुटतो, याचें हें ठळक उदाहरण होय. मुंबईंत या कल्पनेस निराळें वळण लागलें तें मालकीच्या बाबतींत. येथें मालक असा कोणी नव्हताच.

३. संग्रहाची उत्पत्ति व पहिला नाश

इ. स. १८५१ सालीं लंडन येथें व १८५५ सालीं पॅरिस येथें जीं मोठीं औद्योगिक प्रदर्शनें भरलीं, त्यांकरितां हिंदुस्थानांतून कारागिरीच्या व कच्च्या मालाच्या वस्तु जमविण्यांत आल्या. त्या निमित्तानें मुंबईसहि असा एक कायमचा संग्रह असावा, हा विचार पुढें आला. व १८५५ सालीं कोटांतील टाउन बॅरॅक्स या लष्करी इमारतींत संग्रह मांडण्यांत आला. मुंबईंतील सर्वांत जुन्या वस्तुसंग्रहालयाचा आरंभ तो हाच. परंतु दोनच वर्षांनीं, १८५७ च्या उठावाच्या धामधुमींत, सैनिकांस जागा हवी म्हणून बॅरॅक्स तांतडीनें रिकाम्या करण्यांत आल्या. त्या घाईंत संग्रहांतील पुष्कळशा वस्तूंची नासधूस झाली.

उरलेल्या वस्तु गोळा करून संग्रह पुन्हा उभा करण्याचें काम डॉ. जॉर्ज बर्डवुड यांजकडे आलें. बर्डवुड यांचा जन्म १८३२ सालीं बेळगांवचा. ते ग्रँट मेडिकल कॉलेजांत अध्यापक होते, व पुढें हिंदी कारागिरीवर त्यांनीं ग्रंथरचना केली. या कामीं त्यांस ज्यांचें साह्य झालें, ते डॉ. भाऊ दाजी लाड हे त्याच कॉलेजांतून पहिल्या तुकडींत बाहेर पडलेले. भाऊंचें मूळ गांव गोमंतकांतील मांद्रें. वैद्यकाचा व्यवसाय करीत असतांच त्यांनीं शिलालेख, ताम्रपट व नाणीं यांच्या अभ्यासांत जी गति मिळविली, ती आमच्या वाचकांस सांगावयास नको. पंडित भगवानलाल इंद्रजी यांस देशोदेशीं पाठवून लेखांचे ठसे घेवविणारे तेच. मुंबईच्या शेरीफचें पद त्यांस १८६९ व १८७१ असें दोनदां मिळालें. अशा पुरुषानें वस्तुसंग्रहालयाच्या कामांत मन घातलें, याचा अर्थ उघड आहे. जो लेख दगडावर कोरलेला आहे व जी कारागिरी धातूंत वा मातींत उतरलेली आहे, तीं दोन्हीं सारख्याच योग्यतेचीं साधनें होत, अशी त्यांची धारणा असली पाहिजे.

इ. स. १८५८ सालीं नव्या इमारतीकरितां व बागेकरितां वर्गणी जमविण्याचें ठरलें. या खटपटीच्या अग्रभागीं गिरगांवचे नाना शंकरशेट होते. बर्डवुड व भाऊ दाजी यांनीं चिटणिसांचें काम केलें. राणी व्हिक्टोरिया व तिचा पति आल्बर्ट यांचीं नांवें संस्थेस द्यावयाचीं होतीं, व देणगीदारांत राजनिष्ठेचा भाग होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण पैसा आला तो शहरांतील हिंदु, पारशी, यहुदी, मुसलमान व युरोपियन अशा सर्व थरांतून, आणि वास्तु उभी राहावयाची होती ती कोणा सरदाराच्या विश्रांतीसाठीं नसून सर्व शहराच्या उपयोगासाठीं. इटलींतील मूळ नमुन्याशीं भेद पडतो तो येथें.

४. बाग

बागेचा इतिहास इमारतीहून जुना आहे. पश्चिम हिंदुस्थानची शेतकी व बागाईत संस्था १८३० सालीं स्थापन झाली व तिनें शिवडी येथें एक बाग केली होती. शिवडीची जागा पुढें युरोपियनांच्या दफनभूमीकरितां गेली. बागेचें काम भायखळ्यास सुरू झालें. ता. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांनीं संग्रहालयाचा पाया घातला, व त्याच प्रसंगीं लेडी फ्रीअर यांचे हस्तें बाग लोकांस खुली झाली. १८७३ सालीं बाग नगरपालिकेकडे आली. सुमारें १८९० पासून तींत प्राणिसंग्रहालयाची भर पडली, आणि लोकांच्या मनांत तेंच मुख्य होऊन बसलें.

प्रवेशद्वाराजवळचा घड्याळाचा मनोरा बगदादहून येऊन मुंबईस स्थायिक झालेल्या डेव्हिड ससून या यहुदी व्यापाऱ्याच्या देणगीचा असून तोहि इटालियन वळणाचा आहे. बागेच्या आंत मात्र इटलीची आठवण लवकर पुसट होते. इटालियन बागेंत सुरूच्या उभ्या रांगा व कातरलेलीं कुंपणें यांस महत्त्व. मुंबईच्या पावसानें व उन्हानें तो शिस्तीचा आग्रह टिकूं दिला नाहीं. येथें आफ्रिकेंतली गोरखचिंच आहे, दक्षिण अमेरिकेंतून आलेला कैलासपती आहे, आणि त्यांच्या शेजारीं आपल्याकडील वृक्षहि आहेत. तीन हजारांहून अधिक झाडें व त्यांच्या पावणेतीनशेंवर जाति या आवारांत आहेत. दाट वस्तीच्या या भागांत वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास एका फेरींत एवढें साहित्य दुसरीकडे मिळणें कठीण. बागेच्या पुनर्रचनेचे बेत जेव्हां जेव्हां निघाले, तेव्हां जुन्या झाडांस धक्का लागूं नये म्हणून नागरिकांनीं विरोध केला, हेंहि येथें नोंदविलें पाहिजे.

५. इमारत

पाया घातला गेला तेव्हां मुंबईंत पैशाचा पूर आला होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाचा भाव भडकला, आणि त्या नफ्यावर शहरांत नाना प्रकारच्या कंपन्यांचे शेअर निघाले. १८६५ सालीं युद्ध संपलें व हा सारा डोलारा कोसळला. त्याच वर्षीं ता. ३१ जुलै रोजीं नाना शंकरशेट वारले. या सट्टेबाजींत भाऊ दाजींचेंहि मोठें नुकसान झालें. वर्गणीचा ओघ आटला व बांधकाम थांबलें. शेवटीं सरकारनें तें हातीं घेऊन पुरें केलें, व ता. २ मे १८७२ रोजीं संग्रहालय लोकांस खुलें झालें. भाऊ दाजी १८७४ च्या मे महिन्यांत निवर्तले. म्हणजे ज्यासाठीं खटपट केली तें काम पुरें झालेलें त्यांस अवघीं दोन वर्षें पाहावयास मिळालें.

इमारतीचा आराखडा नगरपालिकेचे अभियंते विल्यम ट्रेसी यांचा; त्यांच्या मृत्यूनंतर तो स्कॉट, मॅक्लेलंड आणि कंपनी यांनीं पुरा केला. बाह्यांग पालादिओच्या परंपरेंतलें. दुमजली, लांबट, मध्यरेषेच्या दोहों बाजूंस सारखी मांडणी, अर्धवर्तुळ कमानींच्या खिडक्या व त्यांच्यामध्यें भिंतीस चिकटलेले अर्धस्तंभ. आंत शिरतांच मात्र देखावा पालटतो. मध्यवर्ती दालन दोन मजले उंच असून त्याच्या भोंवतीं सज्जा फिरला आहे, आणि तो सज्जा, खांब, कमानी व कठडे हें सर्व ओतीव लोखंडाचें काम इंग्लंडांत तयार होऊन जहाजानें आलेलें आहे. जमिनीवर मिंटन कारखान्याच्या रंगीत फरश्या आहेत. छत नक्षीदार असून त्यावर सोन्याचा वर्ख आहे. बाह्यांग सोळाव्या शतकांतील इटलीचें व अंतरंग एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडच्या कारखान्यांचें, असा हा संयोग आहे. यांत विसंगति आहे असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु उद्योगधंद्यांच्या संग्रहाकरितां बांधलेल्या वास्तूंत उद्योगयुगाचें द्रव्य उघडपणें मिरवावें, हें उद्देशास धरूनच होतें.

मुंबईच्या वास्तुइतिहासांत या इमारतीचें स्थान निश्चित करतां येतें. ज्या वर्षीं तिचा पाया घातला, त्याच सुमारास कोटाचे तट पाडण्यास आरंभ झाला व मोकळ्या झालेल्या मैदानालगत पुढें गॉथिक वळणाच्या सार्वजनिक इमारती उठल्या. विश्वविद्यालयाचा राजाबाई मनोरा १८७८ सालचा; बोरीबंदरचें स्थानक १८८८ सालचें. या लाटेच्या अगोदरची इटालियन वळणाची वृत्ति ज्यांत स्पष्ट दिसते, अशा थोड्या वास्तूंपैकीं भायखळ्याची ही एक होय.

६. हत्ती, घोडा व पुतळे

इटलींतील बागांत शिल्पें येत तीं मालकाच्या आवडीनें. भायखळ्याच्या आवारांत जीं आलीं, तीं बहुतेक अपघातानें वा राज्यक्रांतीनें आलीं.

संग्रहालयाच्या बाजूस काळ्या दगडाचा जो मोठा हत्ती उभा आहे, तो मूळचा घारापुरीचा. त्या बेटास पोर्तुगीजांनीं जें नांव दिलें, तें याच हत्तीवरून. बेटाच्या धक्क्याजवळ तो उभा होता. १८१४ सालीं त्याचें डोकें व मान निखळून पडली. १८६४ सालीं त्यास इंग्लंडास नेण्याचा घाट घातला गेला. परंतु उचलतांना यारी मोडली, हत्ती खालीं आदळून त्याचे तुकडे झाले, व ते तुकडे भायखळ्याच्या बागेंत आणून ठेवण्यांत आले. पन्नास वर्षें ते तसेच होते. १९१४ सालीं ते जुळवून हत्ती पुन्हा उभा करण्यांत आला. यारी मोडली नसती तर हें शिल्प आज परदेशांतील एखाद्या दालनांत असतें. बेटाचें नांव हत्तीवरून पडलें, पण हत्ती बेटावर नाहीं.

असाच प्रकार घोड्याचा. एडवर्ड राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा बोह्म या शिल्पकारानें घडविलेला. डेव्हिड ससून यांचे पुत्र आल्बर्ट यांनीं तो शहरास दिला व १८७९ सालीं तो कोटांत उभारला गेला. लोकांनीं राजपुत्राकडे दुर्लक्ष करून घोड्याचा रंग तेवढा ध्यानांत ठेवला व त्या ठिकाणास 'काळा घोडा' म्हणूं लागले. स्वातंत्र्यानंतर, १९६५ सालीं, हा पुतळा तेथून काढून भायखळ्यास आणला. घोडा गेला तरी ठिकाणाचें नांव गेलें नाहीं. राणी व्हिक्टोरियाचा मॅथ्यू नोबल यानें घडविलेला संगमरवरी पुतळा खंडेराव गायकवाड यांच्या देणगीचा. तोहि आतां याच आवारांत आहे. त्याच शिल्पकारानें केलेला आल्बर्टचा पुतळा मात्र ससून यांच्या देणगींतून खास संग्रहालयासाठींच आला असून आंतल्या दालनांत आहे. त्यावर हिब्रू लिपींतहि लेख आहे.

या वस्तूंचा एकत्र विचार केला म्हणजे आवाराचें खरें स्वरूप कळतें. संग्रह टाउन बॅरॅक्समधून, बाग शिवडीहून, हत्ती घारापुरीहून, पुतळे कोटांतून आणि इमारतीचें वळण विचेन्झाहून आलेलें. जागेवरून हललेल्या वस्तूंस शहरानें येथें आश्रय दिला आहे. ज्या पुतळ्यांचें राज्य गेलें, ते वितळविण्याऐवजीं झाडांखालीं ठेवले, हा निर्णय इतिहासाच्या दृष्टीनें शहाणपणाचाच म्हटला पाहिजे.

७. संग्रह व प्रदर्शनें

तळमजल्यावरील दालनांत धातुकाम, हस्तिदंती काम, मातीचीं भांडीं अशा कारागिरीच्या वस्तु आहेत. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेशीं संग्रहालयाचा संबंध जुना. त्या शाळेचे प्रमुख सेसिल बर्न्स हे विसाव्या शतकाच्या आरंभीं संग्रहालयाचेहि प्रमुख होते. निरनिराळ्या जातींच्या व व्यवसायांच्या लोकांचीं मातीचीं लहान चित्रें, गांवगाड्याचे व शहराचे छोटे देखावे, पारशी दोख्म्याची प्रतिकृति, गलबतांचे नमुने व जुने नकाशे यांचा वरच्या मजल्यावर भरणा आहे. मातीचीं हीं चित्रें पाहतांना दुहेरी दृष्टि ठेवावी. पोशाख, पागोटें व हत्यारें यांच्या तपशिलाकरितां तीं मोलाचीं आहेत. त्याचबरोबर माणसांचीं वर्गवारी लावण्याची तत्कालीन राज्यकर्त्यांची वृत्तिहि त्यांत उमटली आहे.

ता. १ नोव्हेंबर १९७५ रोजीं संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव देण्यांत आलें. मात्र नांव बदललें तरी देखभाल सुधारली नाहीं व वास्तु जीर्ण होत गेली. २००३ सालीं महानगरपालिका, इंटॅक ही संस्था व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यांत करार होऊन, वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखालीं जीर्णोद्धार झाला. रंगाचे थर खरवडून मूळ नक्षी शोधण्यांत आली. या कामास २००५ सालीं युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, व जानेवारी २००८ मध्यें संग्रहालय पुन्हा खुलें झालें.

तेव्हांपासून येथें आजच्या चित्रकार-शिल्पकारांचीं प्रदर्शनें भरविण्यांत आलीं व त्यांचा संबंध जुन्या संग्रहाशीं जोडण्याचा प्रयत्न झाला. २०१३ सालीं रीना सैनी कल्लाट यांनीं इमारतीच्या दर्शनी भागावर कोळ्याच्या जाळ्यासारखी एक प्रचंड रचना टांगली; तींत रबरी शिक्के गुंफले होते व त्यांवर मुंबईंतील रस्त्यांचीं बदलून गेलेलीं नांवें होतीं. २०१४ सालीं अतुल दोडिया यांनीं हिंदुस्थानांतील प्रत्येक शहरास आपलें संग्रहालय असावें या कल्पनेवर प्रदर्शन केलें. ज्या संस्थेचें, ज्या बागेचें व ज्या रस्त्याचें नांव बदललें, तिच्याच भिंतीवर नामांतराचा हा प्रश्न मांडला जावा, यांत औचित्य आहे.

८. पाहण्याचा क्रम व समारोप

जिज्ञासूनें प्रथम घड्याळाचा मनोरा पाहावा, मग हत्तीजवळ थांबून त्याचे सांधे निरखावे, नंतर इमारतीचें दर्शनी अंग दुरून पाहून आंत शिरावें. खालचें दालन झाल्यावर वरच्या मजल्यावरील नकाशे पाहावे, म्हणजे सात बेटांची मुंबई डोळ्यांपुढें येते. शेवटीं आवारांतील पुतळे पाहावे. प्रत्येक वस्तूपुढें दोन प्रश्न मनांत असूं द्यावे : ही मूळची कोठली, व येथें कशी आली? पहिल्याचें उत्तर पाटीवर बहुधा मिळतें. दुसऱ्याचें मिळतेंच असें नाहीं, आणि संशोधकांस काम आहे तें तेथेंच.

खासगी उपवनगृहाचा सांभाळ वारस करितो. त्याचा स्वार्थ त्यांत असतो. भायखळ्याच्या वास्तूस वारस नाहीं. १८५७ सालीं संग्रहाची नासधूस झाली तेव्हां, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत छत जीर्ण झालें तेव्हां, आपलें कांहीं जात आहे असें वाटणारे लोक थोडे होते. जे थोडे होते त्यांच्यामुळें वास्तु राहिली. आवारांतील प्रत्येक वस्तूच्या प्रवासाची सविस्तर नोंद मराठींत सिद्ध करून ती पाहणारांस सुलभ करणें, हें इतिहासप्रेमी मंडळींनीं आपलें कर्तव्य समजावें. लालबाग-परळच्या ज्या कुटुंबांतील मुलें रविवारीं वाघ पाहावयास येतात, त्यांच्याच शहराच्या मालकीचें हें घर आहे, ही गोष्ट त्यांस कळली म्हणजे पुढच्या पडझडीच्या वेळीं राखण करणारांची संख्या आपोआप वाढेल.